भक्ती की करमणूक : यॉर्कच्या एका नाटकावरील निबंधाचे प्रकरण

इंग्लंडमधील एका विद्यापीठात इंग्रजी साहित्यात एम.ए. करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला मध्ययुगीन साहित्याच्या अभ्यासक्रमासाठी ३,००० शब्दांचा निबंध लिहायचा होता. प्रश्न असा होता : ‘इंग्लंडमधील मध्ययुगीन धार्मिक नाटक हे भक्तीचे साधन होते की करमणुकीचे? एका किंवा अधिक नाटकांच्या आधारे चर्चा करा.’ मुदत संपायला १९ दिवस उरले असताना तिने पहिला खर्डा मला पाठवला आणि सोबत एकच ओळ लिहिली, “मॅडम, लिहिलंय भरपूर, पण हे कुठेच जात नाहीये.” मुलगी कुडाळकडची, वाचन दांडगे, आणि पदवीच्या तीन वर्षांत तिने मला एकदाही अर्धवट तयारीचे काही दाखवलेले नव्हते, त्यामुळे ही ओळ मी गांभीर्याने घेतली.

पुढील अडीच आठवड्यांत त्या निबंधाचे काय झाले, त्याची ही नोंद तिच्या संमतीने करत आहे. तिच्या विद्यापीठाच्या नियमांनुसार खर्डा दुसऱ्या कुणाला वाचायला देण्यास हरकत नव्हती, मात्र लेखन आणि दुरुस्ती विद्यार्थ्याची स्वतःचीच असणे बंधनकारक होते. म्हणून मी केवळ प्रश्न विचारावेत, वाक्ये किंवा मुद्दे सुचवू नयेत, असे आम्ही आरंभीच ठरवून घेतले. हे बंधन मी एकदा मोडले आणि त्यात तिचे दोन दिवस वाया गेले. तो भाग यथास्थळ येईल.

पहिला खर्डा

खर्डा २,८०० शब्दांचा होता आणि त्यात एकही चुकीचे वाक्य सहजासहजी सापडत नव्हते, हीच त्याची मुख्य अडचण होती. सुरुवात रोमन रंगभूमीच्या ऱ्हासापासून झाली होती. मग चर्चमधील ईस्टरच्या प्रार्थनेत शिरलेला छोटासा संवाद, मग चर्चच्या दारातील खेळ, मग आवारातील, मग व्यवसायसंघांनी रस्त्यावर आणलेली बायबलकथांची नाटके, त्यानंतर सद्‌गुण आणि दुर्गुण यांना पात्रे करणारी नीतिनाटके, आणि सर्वांत शेवटी शेक्सपिअर. प्रत्येक परिच्छेद म्हणजे जिन्याची एक पायरी होती. निबंधात विचारलेल्या प्रश्नाचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात एकदा आणि शेवटच्या परिच्छेदात एकदा येत होता, आणि उत्तर होते, ‘दोन्ही’.

हा जिना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जातो, मीही शिकवला आहे. त्याचा मूळ आराखडा इ. के. चेंबर्स यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्ययुगीन रंगभूमीच्या इतिहासातला आहे. ओ. बी. हार्डिसन यांनी १९६५ मध्ये त्यावर जो मुख्य आक्षेप घेतला तो साधा आहे : साध्या रचना आधीच्या आणि गुंतागुंतीच्या रचना नंतरच्या असे गृहीत धरून पुरावे मांडले, की उत्क्रांती आपोआपच दिसू लागते, मग त्या रचनांचे प्रत्यक्ष काळ काहीही असोत. शिवाय रस्त्यावरची नाटके सुरू झाली म्हणून चर्चच्या आतले लॅटिन खेळ बंद पडले नाहीत. दोन्ही दीर्घकाळ शेजारी शेजारी चालू राहिले. म्हणजे एक पायरी ओलांडून माणूस दुसरीवर गेला, असे घडलेलेच नाही.

मी तिला पहिला प्रश्न या जिन्याविषयीच विचारला : ‘या सगळ्या पायऱ्यांपैकी तू स्वतः नीट पाहिलेली पायरी कोणती?’ दुसऱ्या दिवशी तिने प्रामाणिकपणे कळवले, की दहाव्या शतकातील ईस्टरचा संवाद. विंचेस्टरचा बिशप एथेलवोल्ड याच्या नावाशी जोडलेली मठवासीयांची नियमावली ९७० च्या दशकातली आहे. तिच्यात ईस्टरच्या पहाटेचा विधी कसा करावा हे सांगितलेले आहे आणि तो उतारा तिने भाषांतरातून का होईना, पूर्ण वाचला होता. एका बंधूने पांढरा झगा घालून, जणू दुसऱ्याच कामासाठी आलो आहोत अशा रीतीने, कबरीच्या जागी हातात ताडाची फांदी घेऊन गुपचूप जाऊन बसावे; मग तिघांनी धूपदाण्या हलवत, काही तरी शोधत असल्यासारखे, अडखळत त्याच्याकडे जावे; आणि बसलेल्याने विचारावे, ‘तुम्ही कोणाला शोधत आहात?’ बसलेला तो देवदूत, आणि शोधणारे तिघे म्हणजे ख्रिस्ताच्या कबरीकडे सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या तीन स्त्रिया. ‘जणू दुसऱ्याच कामासाठी’ ही सूचना वाचताना आपल्याला हसू आले, असे तिने कळवले होते. ते हसू मात्र खर्ड्यात कुठेच नव्हते.

शब्दांच्या बाबतीतही एक खड्डा होता. ‘मिस्टरी प्ले’ या नावाचा अर्थ तिने श्रद्धेचे गूढ उलगडणारे नाटक असा दिला होता. हे नाव त्या नाटकांना पुष्कळ नंतर, अठराव्या शतकात चिकटले, आणि त्यात गूढाच्या जोडीला कसब किंवा व्यवसाय या अर्थाच्या जुन्या शब्दाचीही छटा आहे, कारण ही नाटके शहरातील व्यवसायसंघ सादर करीत. ज्यांनी ती केली आणि पाहिली ते त्यांना ‘कॉर्पस क्रिस्तीचा खेळ’ म्हणत, किंवा नुसते ‘पॅजंट’ म्हणत. आणि पॅजंट म्हणजे नाटकही, आणि ज्या चाकांच्या गाड्यावर ते होई तो गाडाही. एकाच शब्दात नाटक आणि गाडा सामावलेले आहेत, ही गोष्ट पुढे या निबंधाला फार उपयोगी पडली.

एक शहर, एक दिवस

दुसरा खर्डा लिहिण्याआधी तिला नाटक निवडायचे होते. तिचा ओढा वेकफिल्ड या गावाशी जोडल्या जाणाऱ्या, ख्रिस्तजन्माच्या रात्रीच्या मेंढपाळांच्या दुसऱ्या नाटकाकडे होता, आणि ते स्वाभाविकही आहे. चोरलेली मेंढी पाळण्यात झोपवून तिला तान्हे बाळ म्हणून खपवणारा मॅक हा भक्ती-करमणुकीच्या प्रश्नासाठी जणू तयार ठेवलेला पुरावा आहे. पण नेमके म्हणूनच त्याच्यावर प्रत्येक जण लिहितो. शिवाय ते ज्या हस्तलिखितात आहे त्यातील नाटके खरोखर वेकफिल्डमध्ये, एका मालिकेच्या रूपात, होत होती की काय याविषयी अभ्यासकांनी पुरेशी शंका घेतलेली आहे. त्यामुळे प्रेक्षक कुठे उभा होता असे विचारले तर सांगायला फारसे काही हाती लागत नाही. उत्तर इंग्लंडमधील यॉर्क शहराचे तसे नाही. तिथे नाटकांची संहिताही आहे आणि शहराचे दफ्तरही आहे. १९७९ मध्ये यॉर्कच्या नाट्यविषयक नोंदी दोन खंडांत छापून आल्यापासून तर विद्यार्थ्यालाही ते दफ्तर टेबलावर घेऊन बसता येते.

कॉर्पस क्रिस्ती, म्हणजे ख्रिस्तशरीराचा सण, पोप चौथा अर्बन याने १२६४ मध्ये जाहीर केला आणि चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर तो सर्वत्र रुजला. ईस्टरपासून मोजत गेल्यास तो मे महिन्याच्या अखेरपासून २४ जूनपर्यंतच्या एखाद्या गुरुवारी येतो, म्हणजे उत्तर इंग्लंडमध्ये दिवस सर्वांत मोठा असतो त्या सुमारास. यॉर्कमध्ये या सणाच्या पॅजंट-गाड्यांचा पहिला उल्लेख १३७६ चा आहे, आणि तोही नाटकाविषयी नसून गाडे ठेवण्याच्या इमारतीविषयीचा आहे. १४१५ मध्ये शहराचा कारकून रॉजर बर्टन याने कोणत्या व्यवसायसंघाने कोणता प्रसंग करायचा याची यादी केली. जहाज बांधणाऱ्यांकडे नोहाचे तारू, मच्छीमार आणि खलाशांकडे जलप्रलय, बेकरीवाल्यांकडे शेवटचे भोजन, सोनारांकडे पूर्वेकडून भेटी घेऊन आलेले राजे. ज्याचा जो धंदा त्याला जवळचा प्रसंग, अशी ही वाटणी अनेक ठिकाणी आहे. सर्वत्र मात्र नाही, आणि ‘सर्वत्र’ हा शब्द तिला दुसऱ्या खर्ड्यातून काढावा लागला.

त्या काळच्या शहरी आदेशानुसार नटांनी पहाटे साडेचार वाजता आपापल्या गाड्यांवर तयार असायचे, आणि खेळात अडथळा येईल अशा रीतीने कोणी तलवारी किंवा कुऱ्हाडी घेऊन हिंडायचे नाही. गाडे मिकलगेट रस्त्यावरील होली ट्रिनिटी मठाच्या दारापासून निघत आणि साधारण बारा ठिकाणी थांबत थांबत, प्रत्येक ठिकाणी तेच नाटक पुन्हा करत, पेव्हमेंट या बाजारचौकापर्यंत जात. संहितेच्या वहीत, जी १४६३ ते १४७७ या काळात केव्हा तरी लिहिली गेली आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, ४७ नाटके आहेत. इतकी नाटके प्रत्येकी बारा वेळा एका दिवसात कशी झाली असतील, यावर विद्वानांत बरीच हमरीतुमरी झालेली आहे. तिने त्या वादाला एक तळटीप दिली आणि ती पुढे सरकली, हे मला आवडले.

जिथे ती थांबली ते ठिकाण म्हणजे व्यापारीसंघाचा १४३३ चा करार. अंतिम न्यायाचे नाटक या संघाकडे होते आणि गाड्याबरोबर कोणकोणते सामान सुपूर्द केले याची मोजदाद त्यात आहे. ती १९७० च्या दशकाच्या आरंभी अभ्यासकांनी उजेडात आणली. चार चाकांचा गाडा, नरकाचे तोंड, तीन सैतानांसाठी तीन पोशाख, देवासाठी जखमा असलेला सदरा आणि सोनेरी मुखवटा, स्वर्गात जाताना देवाने बसायचे लोखंडी आसन, लाकडाचे इंद्रधनुष्य, आणि लाल रंगवलेले नऊ छोटे देवदूत, जे एक लांब बारीक दोरी ओढली की स्वर्गात गरगर पळत. तिने ही यादी मला फोनवर वाचून दाखवली आणि दोरीपाशी आल्यावर म्हणाली, “मॅडम, ही दोरी ओढणारा माणूस भक्ती करत होता की करमणूक?” हा प्रश्न तिचाच होता. ‘दोन्ही’ या उत्तरापेक्षा तो मला कितीतरी पुढचा वाटला, कारण त्याला उत्तर देण्यासाठी प्रेक्षकाने काय पाहिले, कुठून पाहिले आणि कोणत्या क्षणी, हे ठरवावे लागते.

चार कामगार

तिने अखेर निवडले ते ख्रिस्ताला क्रूसावर चढवण्याचे नाटक. यॉर्कमध्ये ते पिनर लोकांच्या नावावर आहे, म्हणजे टाचण्या आणि तारेच्या बारीकसारीक वस्तू करणाऱ्यांच्या. पहिल्या उत्साहात तिने ‘ज्यांनी क्रूसाचे खिळे घडवले तेच ते खिळे ठोकताना दाखवले आहेत’ असे लिहिले होते. वाक्य देखणे होते. पण टाचणी करणारा एवढा मोठा खिळा करत असेलच असे नाही, आणि एवढ्या जड विधानाला तेवढा पुरावा नव्हता. ते वाक्य गेले. त्याजागी तिने एक कोरडी पण अधिक कामाची नोंद आणली : १४१५ च्या यादीत ख्रिस्ताला ताणून ठोकणे आणि क्रूस उभा करणे ही दोन वेगळी नाटके आहेत, तर १४२२ मध्ये संबंधित कारागिरांनी, पॅजंटांची संख्या फार झाली असल्याने, ती एकत्र करण्याचे ठरवले. आपल्या हाती असलेली संहिता या एकत्रीकरणानंतरची आहे. म्हणजे आडवा क्रूस आणि उभा क्रूस एकाच गाड्यावर, एकाच खेळात येतात, आणि मधला क्षण, क्रूस उचलण्याचा, नाटकाचा कणा बनतो. तिच्या निबंधाचाही कणा तोच झाला.

नाटक जेमतेम ३०० ओळींचे आहे. त्यातील सुमारे नऊ-दशांश भाग चार शिपायांच्या तोंडी आहे आणि ते आरंभापासून अखेरपर्यंत कामाविषयीच बोलतात. क्रूसावर खिळ्यांसाठी भोके आधीच पाडून ठेवली आहेत, पण ती चुकीच्या जागी पडली आहेत. हात भोकापासून एका फुटाहूनही अधिक अलीकडेच राहतो. मग दोर बांधून ओढायचे ठरते. एक जण दुसऱ्याला सूचना देतो, दुसरा धापा टाकतो, तिसऱ्याला आपला खांदा निखळल्यासारखा वाटतो. क्रूस उचलून नेताना वाटेत खाली ठेवावा लागतो. खळगाही प्रमाणापेक्षा रुंद खणलेला निघतो आणि क्रूस हलू लागतो, मग पाचरी ठोकाव्या लागतात. कुठल्याही बांधकामावर ऐकू यावेत असे हे संवाद आहेत, आणि त्यांना हसू येते. पंधराव्या शतकातही आले असणार असे मानायला जागा आहे. या साऱ्या गोंगाटात ख्रिस्त फक्त दोनदा बोलतो, दोन्ही वेळा बारा-बारा ओळी. म्हणजे ३०० पैकी २४.

दुसऱ्या खर्ड्यातील तिचा परिच्छेद, माझ्या मराठीत, असा होता : ‘या नाटकात विनोद आणि करुण यांचा मिलाफ आहे. शिपायांचे संवाद विनोदी असून ख्रिस्ताची भाषणे गंभीर आहेत. त्यामुळे प्रेक्षकांची करमणूक होते आणि भक्तीही वाढते.’ मी समासात एकच प्रश्न लिहिला : ‘क्रूस आडवा असताना रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ख्रिस्त दिसतो का?’

चार दिवसांनी आलेल्या तिसऱ्या खर्ड्यात तो परिच्छेद पूर्ण बदललेला होता, आणि त्याचा आशय असा : गाड्याचा तळ रस्त्यावरील माणसाच्या छातीइतका किंवा त्याहून उंच असेल, तर तळावर आडव्या ठेवलेल्या क्रूसावरचे शरीर त्याला नीट दिसत नाही, दिसतात ती वाकलेल्या चार माणसांची पाठ आणि डोकी, आणि ऐकू येते ती त्यांची कुरकुर. प्रेक्षक मान उंचावतो, कामात गुंततो, दोर पुरेल का, भोक जुळेल का, याची त्यालाही चिंता लागते, आणि तो हसतो. नंतर क्रूस वर येतो. इतका वेळ जे काम चालू होते ते नेमके काय होते हे त्याला त्या क्षणी समोर दिसते. आणि तेव्हाच ख्रिस्त बोलू लागतो. तो शिपायांशी बोलत नाही. वाटेने आणि रस्त्याने चालणाऱ्या सर्व माणसांना तो उद्देशून म्हणतो, की माझे मस्तक, माझे हात, माझे पाय पाहा, आणि माझ्यासारखे दुःख कोणाला झाले आहे का ते जोखून पाहा.

हे शब्द बायबलमधील विलापगीताच्या पहिल्या अध्यायातून आलेले आहेत आणि चर्चच्या उपासनेत ते प्रेक्षकांच्या ओळखीचे असणार. पण इथे ते ऐकणारे लोक खरोखरच एका रस्त्यावर उभे आहेत. तिने आणखी एक बारकावा पकडला, जो मी इतकी वर्षे शिकवूनही पाहिला नव्हता. शिपाई एकमेकांशी बोलताना ‘काम’ या अर्थाचा शब्द वारंवार वापरतात. आणि ख्रिस्त त्यांच्यासाठी क्षमा मागताना शुभवर्तमानातील ‘ते काय करतात हे त्यांना ठाऊक नाही’ या वाक्यासाठी त्याच ‘काम’ क्रियापदाची योजना करतो. ते काय काम करत आहेत हे त्यांना ठाऊक नाही. हसत हसत त्या कामात मनाने सामील झालेला प्रेक्षकही त्या ‘ते’मध्ये येतो.

इथपर्यंत आल्यावर निबंधाला प्रतिपादन मिळाले होते : या नाटकातील हसू हे भक्तीला मिळालेली सवलत नाही, किंवा तिचा भंगही नाही, प्रेक्षकाला दोषी ठरवण्यासाठी ते मुद्दाम वापरलेले साधन आहे.

गवंड्यांची तक्रार

मात्र एवढ्यावर निबंध संपवला असता तर तो एकतर्फी झाला असता, आणि यॉर्कच्या दफ्तरातच त्याचा प्रतिवाद पडून होता. तो तिला माझ्याकडून मिळाला नाही. नोंदींचा खंड चाळताना तिनेच काढला. १४३१ च्या सुमारास गवंड्यांच्या संघाने शहराकडे गाऱ्हाणे मांडले, की आपल्याकडे असलेले फर्गसचे नाटक आपल्याला नको. ख्रिस्ताची आई मारिया हिच्या अंत्ययात्रेत फर्गस नावाचा माणूस तिरडीवर हात टाकतो आणि त्याचा हात तिथेच चिकटून राहतो, असा तो प्रसंग. गवंड्यांचे म्हणणे असे, की हा प्रसंग पवित्र शास्त्रात नाही, त्यामुळे भक्तीपेक्षा हसणे आणि ओरडाआरडाच अधिक होते, कधी कधी भांडणे आणि मारामाऱ्याही होतात, आणि शिवाय त्यांची पाळी येईपर्यंत उजेड क्वचितच शिल्लक असतो. हे नाटक संहितेच्या वहीत नाही.

तिची पहिली प्रतिक्रिया हा पुरावा बाजूला ठेवण्याची होती, कारण तो तिच्या प्रतिपादनाच्या विरुद्ध जात होता : हसणे आणि भक्ती या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे पंधराव्या शतकातील माणसेच म्हणत आहेत. यावर आम्ही सुमारे तासभर बोललो. मी पुन्हा विचारले ते एवढेच, की गवंडी नेमके कशाला कंटाळले होते. त्यांच्या गाऱ्हाण्यात चार गोष्टी आहेत आणि त्यांतील एकच हसण्याविषयी आहे. आणि ते हसू असे आहे, की ज्याच्या शेवटी प्रेक्षकाकडे वळून कोणी काही बोलत नाही. तिने तो भाग निबंधाच्या मध्यावर आणला आणि लिहिले, की समकालीन लोक या दोहोंत फरक करत होते हे मान्यच करावे लागते; म्हणूनच पिनरांच्या नाटकाने त्याच हसण्याला जे वळण दिले ते आपोआप घडलेले नसून रचलेले आहे, असे म्हणता येते. माझ्या मते संपूर्ण निबंधातील सर्वांत भक्कम पान तेच होते, आणि ते अडचणीच्या पुराव्यातून आलेले होते.

दोन मराठी मोह

कुडाळच्या मुलीला दशावतार आठवला नसता तरच नवल. गावच्या जत्रेत रात्री उशिरा सुरू होणारा खेळ, गणपती आणि रिद्धी-सिद्धी, मग कोकणी-मालवणीत प्रेक्षकांशी बोलणारा संकासुर, आणि मग आख्यान : देवासमोर चाललेल्या खेळात लोक पोट धरून हसतात आणि तरीही तो देवाचाच खेळ असतो, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. दुसऱ्या खर्ड्यात तिने यावर ३५० शब्द खर्च केले होते. ‘पिनरांच्या नाटकाविषयी या परिच्छेदामुळे असे काय कळते जे त्याच्याशिवाय कळत नव्हते?’ असे विचारल्यावर दोन दिवस उत्तर आले नाही, आणि मग परिच्छेद गेला. त्याने आपले काम आधीच केले होते असे मला वाटते. दोरी ओढणाऱ्या माणसाविषयीचा प्रश्न तिला सुचला तो त्या जत्रेमुळेच.

दुसरा मोह माझा होता. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज; जन्म १५४९ च्या सुमाराचा. यॉर्कचा शेवटचा खेळ १५६९ मध्ये झाला, १५७९ मध्ये स्टीफन्स गोव्यात उतरले, आणि १६१६ मध्ये राचोलला छापल्या गेलेल्या त्यांच्या ओवीबद्ध मराठी पुराणाचा आवाका जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतचा, म्हणजे जवळजवळ यॉर्कच्या मालिकेइतका आहे. हा योगायोग मला इतका मोहक वाटला, की आमचा करार विसरून मी तिला दीड पानाचे पत्र लिहिले आणि निबंधाच्या शेवटी हे यायलाच हवे असे सुचवले. ती आज्ञाधारक, दोन दिवस तिने त्यावर घालवले. तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला : “मॅडम, त्यांनी असं एखादं नाटक पाहिल्याचा पुरावा तुमच्याकडे आहे का?” माझ्याकडे नव्हता. स्टीफन्स विल्टशरचे, म्हणजे दक्षिणेकडचे. आणि सृष्टीपासून ख्रिस्तापर्यंतचा आवाका तर बायबलचाच आहे, तो कुणी नाटकावरून घ्यावा लागत नाही. मी तिला जो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते तोच तिने मला विचारला, आणि माझे दीड पान निबंधाबाहेरच राहिले.

शेवटचे पाच दिवस

उरलेले काम बहुतांशी यांत्रिक होते, पण गुण त्यातही जातात. अवतरणे तिने आधी एका आधुनिक वर्णलेखनाच्या आवृत्तीतून घेतली होती आणि ओळींचे क्रमांक रिचर्ड बीडल यांच्या संपादनातले दिले होते. दोन्ही ताडून पाहताना तीन ठिकाणी शब्द वेगळे निघाले. पंधराव्या शतकातील उत्तरेकडचे इंग्रजी वाचताना डोळ्यांपेक्षा कान कामाला येतो, म्हणून तिने ती ३०० ओळींची संहिता दोनदा मोठ्याने वाचली, आणि शिपायांच्या ओळी कशा तुटक आणि एकमेकांच्या यमकात अडकलेल्या आहेत, तर ख्रिस्ताची बारा ओळींची कडवी कशी अखंड आहेत, हे तिला तेव्हा जाणवले. त्यावर पाच ओळी वाढल्या.

ही नाटके लोकांची आवड बदलल्यामुळे मागे पडली, असे पहिल्या खर्ड्याच्या शेवटी होते. ते सुधारावे लागले. इंग्लंडमध्ये कॉर्पस क्रिस्तीचा सणच १५४८ मध्ये रद्द झाला. यॉर्कने मारियेच्या मृत्यूची आणि स्वर्गारोहणाची नाटके वगळून खेळ काही काळ चालू ठेवला. आणि १५६८ मध्ये तेथील डीन, म्हणजे कॅथेड्रलचे प्रमुख धर्माधिकारी, मॅथ्यू हटन यांनी शहराच्या दुसऱ्या एका जुन्या नाटकाविषयी, त्यातील बऱ्याच गोष्टी शुभवर्तमानाच्या शुद्धतेशी जुळत नाहीत, असे कळवले. १५७९ मध्ये शहराला पुन्हा खेळ हवा होता, पण संहिता तपासणीसाठी धर्माधिकाऱ्यांकडे पाठवण्याचे ठरले आणि खेळ झाला नाही. प्रेक्षक आटल्याचे यात कुठेही दिसत नाही. एवढे तिने चार वाक्यांत आटोपले, आणि ते योग्यच होते. प्रश्न नाटकांच्या अंताविषयी नव्हता.

निबंध मुदतीच्या सात तास आधी दाखल झाला : २,९६० शब्द, एक नाटक, एक शहर. विंचेस्टरचा देवदूत एका तळटिपेत उरला होता. शेक्सपिअर कुठेच नव्हते. सहा आठवड्यांनी ६८ गुण आले. परीक्षकांच्या शेऱ्यात गवंड्यांच्या गाऱ्हाण्याच्या हाताळणीविषयी चांगले शब्द होते, आणि प्रस्तावना अजूनही एका परिच्छेदाने लांब आहे अशी, मला पूर्णपणे पटलेली, तक्रार होती.

पण आडव्या क्रूसाच्या परिच्छेदाशेजारी, जो आम्हा दोघींना निबंधाचा प्राण वाटत होता, पेन्सिलीने एक प्रश्न लिहिलेला होता. रस्त्यावरच्या माणसाला शरीर दिसत नव्हते हे मान्य. पण यॉर्कचे महापौर आणि नगरपरिषदेचे सभासद तर या दिवशी खोली घेऊन तिथून खेळ पाहत, आणि माडीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला क्रूसावर आडवे पडलेले शरीर सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट दिसत असले पाहिजे. मग तो माणूस केव्हा हसला? तिने या प्रश्नाचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिले, “मॅडम, प्रबंधाचा विषय सापडला बहुतेक.” त्या दिवसापासून ती यॉर्कच्या नोंदींतून थांब्यांवरच्या जागा कोणी भाड्याने घेतल्या होत्या त्यांची यादी करत आहे.